अमेरिकेत खुनाची केस: ग्रँड ज्युरी, इंडाइटमेंट आणि बेल कसं चालतं, आणि आपलं कुणी त्यात सापडलं तर काय करायचं

"आरोपीवर इंडाइटमेंट, बेल नाकारली" अशी बातमी अमेरिकेतून आली (इंडाइटमेंट म्हणजे ग्रँड ज्युरीने, सामान्य नागरिकांच्या एका गटाने, खटल्याला हो म्हटल्यावर येणारं आरोपपत्र, आणि बेल म्हणजे जामीन) की आपल्या ग्रुपवर लगेच निकाल लागतो, चला म्हणजे पुरावा पक्का आहे, आता हा काय सुटत नाही. बरं त्याच आठवड्यात दुसऱ्या कुठल्यातरी केसमध्ये खुनाचा आरोपी 10 लाख डॉलरचा बाँड भरून घरी गेला की मग "पैसा असला की तिकडेही सगळं चालतं". दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत, कारण इंडाइटमेंट आणि बेल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते बहुतेक वेगवेगळे लोक ठरवतात, आणि माणसाने खून केला की नाही याचं उत्तर दोन्हीपैकी एकातही नसतं.

म्हणून कुणी विचारलं की आता पुढे काय होईल, तर आधी उलट विचारा, कुठल्या राज्यात? आपल्याकडे गडचिरोली असो की पणजी, कायदा तोच, बीएनएसचं कलम 103, जुन्या भाषेत 302, आणि 90 दिवसांत चार्जशीट आलं नाही तर डिफॉल्ट बेलचा हक्क. तिकडे 50 राज्यांचे 50 कायदे आणि वर फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा वेगळा. टेक्सासमधल्या मित्राने सांगितलेलं न्यू जर्सीत लागू होत नाही, आणि कॅलिफोर्नियातल्या वकिलाचा व्हिडिओ बघून फ्लोरिडाच्या केसवर मत देऊ नका. खून बहुतेक वेळा राज्याचाच गुन्हा असतो, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) सरकारी वकील, डिस्ट्रिक्ट अॅटर्नी म्हणजे डीए, तो चालवतो, काही राज्यांत त्याला वेगळं नाव असतं पण काम तेच.

अटक झाल्यावर आधी काय होतं

वॉरंट नसताना पकडलं असेल तर साधारण 48 तासांच्या आत जजने बघायला हवं की पकडण्यापुरतं सबळ कारण आहे का, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1991 मध्ये ठरवून दिलंय. मग पहिली हजेरी, त्यात आरोप सांगतात, वकील आहे का विचारतात, परवडत नसेल तर सरकारी खर्चाने पब्लिक डिफेंडर देतात (हा हक्क 1963 पासून पक्का आहे), आणि बेलचा विषय बऱ्याचदा इथेच पहिल्यांदा निघतो. या वेळी कोर्टात असलेला कागद म्हणजे कंप्लेंट, पोलिसाने किंवा प्रॉसिक्युटरने म्हणजे सरकारी वकिलाने शपथेवर लिहिलेला. त्यावर बहुतेक ठिकाणी मोठी केस शेवटपर्यंत चालवता येत नाही, पुढे एका चाळणीतून जावं लागतं.

ही चाळणी दोन प्रकारची. एक ग्रँड ज्युरी, दुसरी प्रिलिमिनरी हिअरिंग. फेडरल केसमध्ये ग्रँड ज्युरी घटनेतच लिहिलेली आहे, 1791 च्या पाचव्या दुरुस्तीत. पण सुप्रीम कोर्टाने 1884 मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खुनाच्या केसमध्येच सांगितलं की राज्यांवर हे बंधन नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याने आपापलं ठरवलं. न्यू यॉर्क, टेक्सास, न्यू जर्सी, ओहायो इथे मोठ्या गुन्ह्याला ग्रँड ज्युरी लागते. फ्लोरिडात फर्स्ट डिग्री मर्डरला (सगळ्यात गंभीर प्रकारच्या खुनाला) लागते, बाकी बहुतेक गुन्ह्यांना नाही. मिनेसोटात ज्या गुन्ह्याला जन्मठेप आहे त्यालाच लागते, आणि म्हणूनच जॉर्ज फ्लॉइडच्या केसमध्ये डेरेक शॉव्हिन या पोलिसावर राज्याने सेकंड डिग्री मर्डरचा आरोप ग्रँड ज्युरीशिवाय साध्या कंप्लेंटवर लावला आणि त्यावरच खटला चालवून शिक्षाही मिळवली. कॅलिफोर्नियात दोन्ही रस्ते उघडे आहेत, जास्त वापर प्रिलिमिनरी हिअरिंगचा. 1994 मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनची खुनाची केस आधी ग्रँड ज्युरीकडेच चालली होती, पण बाहेर इतका गाजावाजा झाला की जजने ती ग्रँड ज्युरीच बाजूला केली आणि मग सगळं उघड्या कोर्टात टीव्हीसमोर झालं.

आरोपीसाठी फरक मोठा आहे. प्रिलिमिनरी हिअरिंग उघड्या कोर्टात, जज समोर, आरोपीचा वकील साक्षीदाराला उलटतपासणीत घेऊ शकतो, समोरच्याकडे काय पत्ते आहेत ते थोडं आधी कळतं. ग्रँड ज्युरीत यातलं काहीच नाही. आणि जिथे दोन्ही रस्ते आहेत तिथे प्रॉसिक्युटर कधीकधी मुद्दाम रस्ता बदलतो. आयडाहोत चार विद्यार्थ्यांच्या खुनाच्या केसमध्ये ब्रायन कोबर्गरची प्रिलिमिनरी हिअरिंग जून 2023 ला लागली होती, मे महिन्यातच ग्रँड ज्युरीने इंडाइट केलं आणि ती हिअरिंग झालीच नाही. यात बेकायदेशीर वगैरे काही नाही, नियमात बसतं, पण डिफेन्सच्या हातून उलटतपासणीची पहिली संधी गेली.

ग्रँड ज्युरीच्या खोलीत

आपल्या लोकांना ज्युरी म्हटलं की नानावटी आठवतो, 1959, मुंबई, 8 विरुद्ध 1 ने निर्दोष. ती खटला ऐकणारी ज्युरी. ग्रँड ज्युरी तशी नाही, ती निकाल देत नाही, फक्त एवढंच बघते की खटला चालवण्यापुरतं कारण आहे का. त्याला प्रोबेबल कॉज म्हणतात, आणि ही पट्टी बरीच खाली आहे. दोषी ठरवायला लागतो तो "वाजवी संशयापलीकडे" पुरावा, आणि सगळ्या ज्युरर्सचं एकमत. इथे एकमत लागत नाही. फेडरल आणि न्यू यॉर्कमध्ये 16 ते 23 लोक बसतात, 12 जण हो म्हणाले की झालं. टेक्सास आणि मिसुरीत 12 पैकी 9. व्हर्जिनियात तर 5 ते 7 जणच असतात आणि 4 मतं पुरतात.

खोलीत कोण असतं? ज्युरर्स, प्रॉसिक्युटर, एक साक्षीदार, सगळं टिपणारा कोर्ट रिपोर्टर, लागला तर दुभाषी. जज नाही. आरोपी सहसा नाही. आरोपीचा वकील नाही. प्रेस नाही, घरचे नाहीत, मयताचे घरचेही नाहीत. मतदान चालू असताना तर प्रॉसिक्युटरनेही बाहेर जायचं. फेडरलमध्ये ऐकीव पुरावा चालतो, म्हणजे प्रत्यक्ष बघणाऱ्याऐवजी एकच डिटेक्टिव्ह येऊन "अमक्याने मला असं सांगितलं" म्हणू शकतो, सुप्रीम कोर्टाने 1956 मध्ये याला मान्यता दिली. आणि 1992 मध्ये असंही म्हटलं की आरोपीच्या बाजूचा पुरावा ग्रँड ज्युरीला दाखवलाच पाहिजे असं फेडरल प्रॉसिक्युटरवर बंधन नाही. न्यू यॉर्कचे नियम त्यामानाने कडक, तिथे ऐकीव पुरावा सहसा चालत नाही, आणि आरोपीला स्वतः जाऊन बोलायचा हक्क आहे, त्याचा वकीलही आत बसू शकतो पण तोंड उघडायचं नाही, फक्त अशिलाच्या कानात सल्ला द्यायचा. त्यासाठी आधी इम्युनिटी (साक्ष दिल्यामुळे मिळणारं संरक्षण) सोडल्याची सही करावी लागते, म्हणजे तिथे बोललेला प्रत्येक शब्द पुढे खटल्यात अंगाशी येऊ शकतो, म्हणून हक्क असूनही बहुतेक वकील नको म्हणतात.

एकच बाजू ऐकल्यावर काय होणार? 2010 साली फेडरल प्रॉसिक्युटर्सनी साधारण 1 लाख 62 हजार केसेस चालवल्या आणि त्यात ग्रँड ज्युरीने नकार दिला तो 11 वेळा. न्यू यॉर्कचे चीफ जज सोल वॉक्टलर 1985 मध्ये म्हणाले होते की प्रॉसिक्युटरने ठरवलं तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचलाही इंडाइट करेल, ते वाक्य अजून प्रत्येक टीव्ही पॅनलवर कुणीतरी म्हणतंच. पुढे काही वर्षांनी खुद्द वॉक्टलर यांच्यावरच वेगळ्या प्रकरणात फेडरल इंडाइटमेंट आलं, हा भाग मात्र कुणी सांगत नाही.

पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे असं मला वाटतं. प्रॉसिक्युटर जे मागतो ते मिळतं, तसंच जे मागत नाही ते सहसा येत नाही. फर्ग्युसनच्या केसमध्ये (पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन हा तरुण मेला ती), 2014, मिसुरीतल्या प्रॉसिक्युटरने ठरावीक आरोपाची शिफारस न करता साठ साक्षीदारांचं सगळं गाठोडंच ग्रँड ज्युरीसमोर ठेवलं, पोलीस अधिकारी डॅरन विल्सन स्वतः येऊन तासन्‌तास बोलला, आणि 24 नोव्हेंबरला जाहीर झालं की इंडाइटमेंट नाही. पोलिसांच्या गोळीबारात स्वतःच्या घरात मेलेल्या ब्रिओना टेलरच्या केसमध्ये, केंटकी, 2020, एका अधिकाऱ्यावर शेजारच्या घरातल्यांचा जीव धोक्यात घातल्याचा आरोप आला, तिच्या मृत्यूबद्दल कुणावरच नाही, आणि नंतर ग्रँड ज्युरीतल्याच लोकांनी पुढे येऊन सांगितलं की मनुष्यवधाचे आरोप आमच्यासमोर मांडलेच नव्हते. त्यामुळे "ग्रँड ज्युरीने सोडून दिलं" असं वाचलं की आधी बघायचं, त्यांच्यापुढे नक्की काय ठेवलं होतं.

कागद हातात आला की कसा वाचायचा

हो म्हटलं की ट्रू बिल, नाही म्हटलं की नो बिल. ट्रू बिलवर ग्रँड ज्युरीच्या फोरपर्सनची म्हणजे प्रमुखाची सही असते आणि मग तो कागद म्हणजे इंडाइटमेंट. वर राज्याचं नाव विरुद्ध आरोपीचं नाव, खाली एकेक आरोप, त्याला काउंट म्हणतात. इथे आपले लोक हमखास गोंधळतात. एकाच मृत्यूसाठी तीन-चार काउंट असू शकतात, एक ठरवून केलेला खून म्हणून, एक दरोड्याच्या दरम्यान झालेला म्हणून, एक बंदूक जवळ बाळगल्याबद्दल. चार काउंट म्हणजे चार खून नव्हे. प्रॉसिक्युटर सगळी दारं उघडी ठेवतो, ज्युरीला एक पटलं नाही तर दुसरं पटेल. वर्णनही फार नसतं, तारीख, काउंटी, कुणाला, कशाने, संपलं. सविस्तर गोष्ट वाचायची असेल तर कंप्लेंटला किंवा वॉरंटला जोडलेलं अॅफिडेव्हिट शोधा.

डिग्रीचाही घोळ असतो. न्यू यॉर्कमध्ये साधा हेतुपुरस्सर खून सेकंड डिग्रीत येतो आणि त्यालाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, फर्स्ट डिग्रीसाठी वेगळं काहीतरी लागतं, पोलिसाचा खून किंवा दहशतवादाचा हेतू. हेल्थ इन्शुरन्स कंपनीच्या सीईओच्या खुनातला आरोपी लुइजी मँजिओनी याच्यावर डिसेंबर 2024 मध्ये न्यू यॉर्कच्या ग्रँड ज्युरीने दहशतवादाच्या हेतूने फर्स्ट डिग्री मर्डर लावला, त्याने आरोप नाकारले, आणि सप्टेंबर 2025 मध्ये जज ग्रेगरी कॅरो यांनी ग्रँड ज्युरीपुढचा पुरावा त्याला कायद्याने पुरत नाही म्हणून दहशतवादाचे आरोप काढून टाकले, सेकंड डिग्री ठेवला. म्हणजे इंडाइटमेंटला नंतर आव्हान देता येतं आणि कधीकधी ते अर्धं गळूनही पडतं. टेक्सासमध्ये डिग्रीची भानगड नाही, मर्डर आणि कॅपिटल मर्डर असे दोन, कॅपिटलला मृत्युदंड किंवा पॅरोलशिवाय जन्मठेप.

नो बिल आलं तर सुटला का? बहुतेकदा हो, पण कायमचा नाही. खटला सुरूच झालेला नसतो, त्यामुळे एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही हे संरक्षण अजून लागू होत नसतं, नवा पुरावा मिळाला की प्रॉसिक्युटर दुसऱ्या ग्रँड ज्युरीकडे जाऊ शकतो, काही राज्यांत त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते एवढंच. उलट्या दिशेनेही होतं. डॅलसमध्ये अँबर गायगर या पोलीस अधिकारी बाईंना 2018 मध्ये मॅनस्लॉटरखाली (खुनापेक्षा हलका, मनुष्यवधाचा गुन्हा) अटक झाली होती, ग्रँड ज्युरीने नोव्हेंबरात तो मर्डर केला.

इंडाइटमेंटनंतर अरेनमेंट, तिथे आरोप मान्य की अमान्य विचारतात. जवळपास सगळेच नॉट गिल्टी म्हणतात, त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही, कबूल करायचंच असेल तरी आधी सौदा ठरतो. कोबर्गर तर गप्पच उभा राहिला आणि जजने त्याच्या वतीने नॉट गिल्टी लिहून घेतलं. 2025 च्या जुलैत त्याने गुन्हा कबूल केला आणि मृत्युदंड टळून चार जन्मठेपा झाल्या.

साक्षीदार म्हणून समन्स आलं तर

हे आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरंच होऊ शकतं, रूममेट, शेजारी, त्याच दुकानात पार्ट टाइम करणारा. ग्रँड ज्युरीचा सबपीना आला तर तो बाजूला टाकून द्यायचा नाही, न जाणं हा कोर्टाचा अवमान होतो. आधी वकील गाठा आणि त्याला एकच गोष्ट विचारून घ्यायला सांगा, मला नुसता साक्षीदार म्हणून बोलावलंय की माझ्यावरही संशय आहे. फेडरल ग्रँड ज्युरीत तुमचा वकील आत येऊ शकत नाही, तो बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर बसतो, आणि अवघड प्रश्न आला की "मला वकिलाशी बोलायचंय" म्हणून उठून बाहेर जायचं, विचारायचं, परत आत यायचं. विचित्र वाटतं पण रोज चालतं, लाजू नका. उत्तराने स्वतः अडकायची भीती असेल तर न बोलायचा हक्क आहे. खोटं मात्र बोलायचं नाही, शपथेवर खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा, आणि मूळ केसशी काही संबंध नसलेली माणसं त्यातच सापडतात. इंग्रजी बरं असलं तरी ताणाखाली दमछाक होते, दुभाषी मागायला कमीपणा मानू नका.

आता बेल

बेलचा प्रश्न "केलं की नाही" हा नाही. प्रश्न असा की हा तारखेला येईल का, आणि बाहेर सोडला तर कुणाला धोका आहे का. आठव्या दुरुस्तीत एवढंच म्हटलंय की बेल अवाजवी नसावी, बेल मिळालीच पाहिजे असं म्हटलेलं नाही, आणि 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने धोकादायक आरोपीला खटल्याआधी आत ठेवणं घटनेत बसतं असं सांगितलं.

बऱ्याच राज्यांच्या घटनांमध्ये एक जुनी ओळ आहे, सगळ्यांना बेल मिळेल, फक्त मृत्युदंडाच्या गुन्ह्यात पुरावा उघड दिसत असेल किंवा अनुमान भक्कम असेल तर नाही. खुनात बेल नाही असं जे म्हणतात ते यातून आलंय. फ्लोरिडात यासाठी आर्थर हिअरिंग होतं, तिथे सरकारला इतका भक्कम पुरावा दाखवावा लागतो की ते एक छोटं ट्रायलच होतं, नुसतं इंडाइटमेंट दाखवून भागत नाही. फेडरलमध्ये उलट, ठरावीक गंभीर गुन्ह्यांत इंडाइटमेंट असलं की सोडू नये असं गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढायची जबाबदारी आरोपीकडे येते. जॉर्जियात खुनाच्या केसमध्ये खालचा मॅजिस्ट्रेट बेल देऊच शकत नाही, सुपीरियर कोर्टाचा जज लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशीच "बेल नाकारली" अशी बातमी आली तर ती कदाचित नाकारलेली नसते, त्या जजच्या हातातच नसते.

न्यू जर्सीने 2017 पासून पैशाची बेल जवळजवळ बंद केली, खुनात आत ठेवायचं हेच गृहीत. इलिनॉयने 18 सप्टेंबर 2023 पासून पैशाची बेल पूर्णच काढली, सोडा किंवा ठेवा, मध्ये पैसा नाही. टेक्सासमध्ये आधी साध्या मर्डरला सहसा रक्कम ठरवायचेच, कॅपिटलला नाकारता यायची, पण नोव्हेंबर 2025 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली, आता मर्डरसारख्या गुन्ह्यांत आरोपी पळून जायची भीती किंवा लोकांना धोका आहे हे सरकारने सिद्ध केलं तर जजने बेल नाकारायची आहे. म्हणून टेक्सासबद्दलचे जुने लेख वाचत असाल तर तारीख बघून वाचा.

मुदतींकडे वकील लोक डोळ्यात तेल घालून बघतात. न्यू यॉर्कमध्ये कोठडीत असलेल्याला 120 तासांत, मध्ये सुट्टी आली तर 144, इंडाइट करावं लागतं किंवा हिअरिंग घ्यावं लागतं, नाहीतर कोठडीतून सोडायची वेळ येते, म्हणून तिथे खुनाच्या केसेस ग्रँड ज्युरीकडे धावतच जातात. फेडरलमध्ये अटकेपासून 30 दिवस. जॉर्जियात बेल नाकारलेल्याची केस 90 दिवसांत ग्रँड ज्युरीपुढे गेली नाही तर बेल ठरवावी लागते, काही केसेसमध्ये मुदत वाढते. टेक्सासमध्ये 90 दिवसांत सरकार खटल्याला तयार नसेल तर परवडेल इतकी बेल कमी करून मागता येते. आपल्या डिफॉल्ट बेलचेच हे लांबचे भाऊबंद.

पैशाचं गणित

समजा 5 लाख डॉलर बेल ठरली. एक मार्ग, पूर्ण रक्कम रोख कोर्टात भरा, केस संपली की परत मिळते, थोडी फी कापून. दुसरा, बेल बाँडवाला गाठा, तो साधारण 10 टक्के घेतो, म्हणजे 50 हजार डॉलर, आणि हे पैसे गेले, निर्दोष सुटला तरी परत नाहीत. वर घर किंवा जमीन तारण मागतो. आरोपी पळाला तर पूर्ण 5 लाखाची जबाबदारी बाँडवाल्यावर येते, म्हणून तो माणूस शोधायला माणसं सोडतो, सिनेमात दिसतात ते बाउंटी हंटर खरे असतात. इलिनॉय, केंटकी, ओरेगन, विस्कॉन्सिनमध्ये हा धंदाच चालत नाही. शॉव्हिनची बेल अटींसह 10 लाख डॉलर होती, ऑक्टोबर 2020 मध्ये त्याने बाँड भरला आणि खटल्यापर्यंत बाहेर राहिला.

रक्कम कशी ठरते आणि कशी फसते याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे रॉबर्ट डर्स्ट, न्यू यॉर्कच्या बिल्डर घराण्यातला. ऑक्टोबर 2001 मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हस्टनला शेजाऱ्याच्या खुनाखाली पकडला, 3 लाख डॉलर बेल, दुसऱ्या दिवशी भरून बाहेर. त्याच्यासाठी 3 लाख म्हणजे सुटे पैसे. पुढच्या तारखेला साहेब गायब. नोव्हेंबरच्या शेवटी पेन्सिल्व्हेनियातल्या एका सुपरमार्केटमध्ये चिकन सॅलडचं सँडविच चोरताना पकडला गेला, खिशात रोख पाचशे डॉलर असताना! 2003 मध्ये खुनाच्या खटल्यात स्वसंरक्षण म्हणून निर्दोष सुटला, मग बेल मोडल्याच्या आणि पुरावा नष्ट केल्याच्या केसमध्ये जजने बेल ठेवली 3 अब्ज डॉलर. अब्ज. वरच्या कोर्टाने ती अवाजवी ठरवून साडेचार लाखांवर आणली. (2021 मध्ये तो कॅलिफोर्नियात वेगळ्याच खुनात दोषी ठरला.) म्हणजे जजने गुन्हा बघितला आणि माणसाचा खिसा बघितलाच नाही तर एकदा फार कमी होते, एकदा हास्यास्पद जास्त. उलट गरीब माणसाला 50 हजारही 3 अब्जांसारखेच, म्हणून कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलं की रक्कम ठरवताना ऐपत बघा.

भारतातून गेलेल्या माणसाचं काय

इथे आपल्या लोकांना खरी अडचण येते. प्रॉसिक्युटर उठून म्हणतो, घर पुण्यात, आईवडील पुण्यात, पासपोर्ट भारतीय, इथे फक्त व्हिसा, हा पळणार. भारत-अमेरिका प्रत्यर्पण करार 1997 चा आहे, डिफेन्स ते सांगतो, पण जजला माहीत असतं की तिकडून माणूस आणायला वर्षं जातात. त्यामुळे पासपोर्ट जमा, पायात जीपीएस, घराबाहेर बंदी, अशा अटी आपण होऊन पुढे करायच्या असतात. नोकरी, लीज, मंदिरातले-मंडळातले लोक, कोर्टात प्रत्यक्ष येऊन बसलेले नातेवाईक, हे सगळं मोजलं जातं. दहा जण बाकावर बसलेले दिसले तर फरक पडतो, दहा जणांनी व्हॉट्सअॅपवर पाठिंबा दिला तर नाही.

अटक झालेल्याला आपल्या कॉन्सुलेटला कळवायला सांगायचा हक्क आहे, 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36. भारतीयांच्या बाबतीत हे आपोआप होत नाही, आतल्या माणसाने "हो, कळवा" म्हणावं लागतं, आणि लाजेपोटी पुष्कळ जण नको म्हणतात. कॉन्सुलेट केस लढत नाही, पण भेट देऊ शकतं, वकिलांची यादी देऊ शकतं, घरच्यांशी दुवा होऊ शकतं.

आतून आलेल्या फोनवर केसबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. जेलचे फोन रेकॉर्ड होतात, सुरुवातीलाच तसं सांगतात, तरी लोक रडत रडत सगळं बोलतात. मराठीत बोललो तर कुणाला कळणार हा भ्रम तर आधी सोडा, अनुवादक कोर्टाला मिळतात. "जेवलास का, वकील भेटला का, आई बरी आहे" एवढंच. वकिलाशी बोलणं वेगळं, ते गोपनीय असतं, पण त्यासाठी वेगळी व्यवस्था असते, तुमच्या कॉन्फरन्स कॉलवर वकिलाला घेतलं म्हणजे ते गोपनीय होत नाही.

बेलसाठी भारतातून पैसे पाठवायची घाई करू नका. मोठी रक्कम आली की न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियात आणि फेडरल कोर्टात पैसा कुठून आला याची वेगळी सुनावणी होऊ शकते, तेव्हा बँकेचे कागद, जमीन विकली असेल तर खरेदीखत, सगळं तयार ठेवा. आणि पैसे भरायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, कारण काउंटीने सोडलं तरी आयसीईने (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने) दारातच ताब्यात घेतलं तर बाँडवाल्याचे 10 टक्के गेले आणि माणूस आतच. फौजदारी वकील आणि इमिग्रेशन वकील यांना एकमेकांशी बोलायला लावा, गुन्हा कबूल करण्याचा व्हिसावर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचंही कर्तव्य आहे असं 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलंय.

आपलं माणूस मयताच्या बाजूचं असेल तर ग्रँड ज्युरीत काय झालं ते तुम्हालाही कुणी सांगणार नाही, पण डीएच्या ऑफिसात पीडितांच्या कुटुंबासाठी वेगळा माणूस असतो, त्याचा नंबर पहिल्या दिवशी घ्या. बऱ्याच राज्यांत बेलच्या तारखा कुटुंबाला कळवायला लागतात आणि कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी तिथे बोलायचाही हक्क आहे. कोण जेलमध्ये आहे, बेल किती, पुढची तारीख कधी, हे बऱ्याच काउंट्यांच्या शेरीफच्या वेबसाइटवर आणि कोर्ट क्लार्ककडे मोफत कळतं, फेडरल केसचे कागद पेसर नावाच्या सरकारी साइटवर पानामागे थोडे पैसे भरून मिळतात.

शेवटचं, रोख भरली असेल तर कोर्टाच्या पावतीवर नाव कुणाचं टाकता ते बघा, पैसे परत येतात ते सहसा त्या नावावर. दोषी ठरला तर बेल तिथल्या तिथे रद्द होऊ शकते, शॉव्हिनला 20 एप्रिल 2021 ला निकाल वाचल्यावर कोर्टातच हातकड्या घालून नेलं, पण सगळ्या तारखांना हजर राहिला असेल तर भरलेली रक्कम दंड-फी वळती करून परत मागता येते. त्यासाठी ती पावती लागते आणि खुनाच्या केसला वर्षं लागतात, तेव्हा फोटो काढून दोन-तीन जणांकडे ठेवा.